पाणंदीचा कौल

केदारखेड्याजवळची वाडी
१२ जून २०२५

चि. रामप्रसाद यास बायनाआत्याचे अ. उ. आ.

इकडं मी, आमचे हे म्हणजे तुझे मामा, आन् मेंढरं खुशाल हायेत. तुझं मस्तगडचं दुकान बरं चालू असंल. आकांक्षा बोलायला लागली का? तुझ्यासारखी उशिरा बोलली तरी चालंल, तू एकदा बोलायला लागलास ते अजून थांबला न्हाईस.

मामाचा फोन बटनाचा, त्याच्यात तुमचा गावाचा ग्रुप येत न्हाई, आन् बोलायचं म्हणलं तर तो दिवसभर त्यांच्यासंगट रानात. म्हणून चौथीतल्या अक्षरानं पत्र लिहून राह्यले. काल गावातला शिवाजी वाटेत मामाला सांगून गेला की पाणंदीतून मेंढरं बंद करायची का, असं मतदान तू ग्रुपवर लावलंय. मामा हसले. म्हणले, आपला रामप्रसाद असं करीन का, त्याला त्याच पाणंदीनं मी खांद्यावर बसवून नदीवर नेल्तं.

खरं काय ते जल्दी कळव. पेरण्या झाल्या, रानं बंद झाली. गायरानात जायला आपल्याला ती एकच वाट हाय. दुसरी म्हणजे डांबरी, तिच्यावर ट्रक पळतात.

जिवाला जप. पत्राची वाट बघते.
तुझी आत्या


मस्तगड, जालना
२० जून २०२५

ती. आत्याबाईंस रामप्रसादचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. शिवाजी म्हणला ते खरं आहे. ग्रुपचा अ‍ॅडमिन मीच, पोल मीच टाकला. रागावू नको, आधी ऐकून घे. पाणंदीला लागून नवे प्लॉट पडलेत, तिथले लोक रोज लेंड्यांचे फोटो टाकून भांडत होते. पहिले पारावर काय व्हायचं ते तू बघितलंय. चार मोठ्या आवाजाची माणसं ठरवायची, बाकीचे मुंडी हलवायचे, आणि बाया तर तिकडं फिरकायच्याच नाहीत. पोलमध्ये माझ्या आईचं मत सरपंचाच्या बरोबरीचं. भंडाऱ्याची तारीख अशीच ठरली, एक शिवी नाही की एक डोकं फुटलं नाही.

एकशे बारा जणांनी होय म्हटलं, सहा जणांनी नाही. पुण्यातल्या आपल्या पोरांनीही मत दिलं. एवढ्यांचं म्हणणं मी एकट्यानं कसं मोडू? रविवारी पाणंदीच्या तोंडाला लोखंडी गेट बसेल. मामांना समजावून सांग, दिवाळीपर्यंत मेंढरं डांबरीनं न्या म्हणावं, मग बघू. त्यांच्यासाठी अंधारात चमकणारं जाकीट पाठवतो.

आकांक्षा बोलत नाही अजून, पण ओरडते बिलकुल तुझ्यासारखी. माया कमी करू नकोस.
तुझा रामप्रसाद


वाडी
३ जुलै २०२५

चि. रामप्रसाद यास अ. उ. आ.

जाकीट आलं. मामा घालत न्हाईत, मेंढरं बुजतात म्हणतात.

तुझी आई परवा येऊन गेली. मी म्हणलं, पुष्पावैनी, तुम्हीबी होय दाबलं का? म्हणली, पोरानं चारचौघांत इचारलंय, त्याला न्हाई कसं म्हणावं. प्रश्न वाचलाच न्हवता तिनं. मंग फोन काढून वाचून दाखवला. एक, होय, गाव स्वच्छ राहावं. दोन, नाही, घाण चालेल. असा प्रश्न मला इचारला असता तर मीबी होयच म्हणले असते. घाण कोणाला पाहिजे, रामप्रसाद?

मला राग आलाय, लपवत न्हाई. भंडाऱ्यात वांगं करायचं का बटाटा, हे खुशाल बोटानं ठरवा, जेवणार सगळेच. पण पाणंदीनं चालतं कोण? आपली वाडी. आन् वाडीत तुझ्या ग्रुपातले फोन सहाच. पुण्यातल्या पोरानं होय म्हणलं तर त्याच्या घरचं काय गेलं?

तुझा आज्जा मेंढरं घेऊन निघायचा तवा चार वाडे, म्हणजे चार घरांचे कळप, संगट असायचे. मुक्काम हलवायचा म्हणलं की ज्याच्या मेंढ्या व्यायला टेकल्या त्याला आधी इचारायचं. तो थांबा म्हणला की बाकीचे कितीबी असोत, थांबायचे. बोटं कोणी मोजत न्हवतं. तू तुझ्या मामाला एकदाबी इचारलं न्हाईस.

गेट उघडायचं बघ. डांबरीवर मेंढरं हॉर्ननं बुजून आडवी पळतात आन् हे म्हातारपणी त्यांच्या मागं पळतात. मला भ्या वाटून राह्यलंय.

तुझ्यावर माया हाय म्हणूनच बोलते.
आत्या


मस्तगड, जालना
१८ ऑगस्ट २०२५

ती. आत्याबाईंस शि. सा. न. वि. वि.

मामांना जाऊन आज महिना झाला. दहाव्याला आलो तर तू पाठ फिरवून आत गेलीस. मीही तेच केलं असतं. ट्रकवाला सापडला, एवढं पोलिसांकडून कळलं. रस्त्याच्या कडेला पडलेलं त्यांचं घोंगडं मी उचलून आणलंय, ते तुला द्यायची हिंमत झाली नाही.

ग्रुपवर दोन दिवस नुसते जोडलेले हात येत होते. जे होय म्हणाले होते, त्यांचेच.

तुला कळवायचं ते हे. परवा मी नवा पोल टाकला. पाणंद मेंढरांना खुली करावी का, एवढाच प्रश्न, पुढं मागं काही जोडलं नाही. एकशे चाळीस होय आले, नाही एकही नाही. शिवाजीनं स्वतः उभं राहून गेट काढलं. चूक माझी होती, लिहून ती भरून निघत नाही. पण आत्या, वाट मोकळी झाली. एवढं तरी पदरात घे.

तुझ्या दोन ओळींची वाट बघतो.
रामप्रसाद


वाडी
३० ऑगस्ट २०२५

चि. रामप्रसाद यास अ. उ. आ.

गेट काढलं ते बघितलं. सगळ्यांनी होय म्हणलं, चांगली माणसं हायेत. वाईट असती तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या.

मेंढरं मी विकली. जाफराबादचा एक माणूस टेम्पो घेऊन आल्ता. मी एकटी बाई, डांबरीनं कशी नेऊ? घरात बांधून किती दिवस उपाशी ठेवू? पांढरी मेंढी टेम्पोत चढंना, मामाची हाक ऐकल्याबिगर ती हलत नसायची. शेवटी चौघांनी उचलून टाकली. हे झालं तुझ्या नव्या पोलच्या आठ दिवस आधी.

तू पुन्हा त्यांनाच इचारलंस, रामप्रसाद. मामा गेल्यावर तरी आधी माझ्याकडं यायचं होतं. मी एकच सांगितलं असतं, आज गेट काढ, मोजत बसू नको. मेंढरं राहिली असती. मला सकाळी उठून जायला काहीतरी राहिलं असतं.

काल पाणंदीनं नदीपर्यंत जाऊन आले. गवत गुडघ्याएवढं वाढलंय. त्याला खायला कोणी न्हाई.

घोंगडं तुझ्यापाशीच राहू दे. तू यायचं म्हणतोस असं पुष्पावैनी सांगत होती. ये का येऊ नको, ते अजून माझं ठरलं न्हाई. ठरलं की मी कळवीन. ते मी एकटीच ठरवणार. तवर आकांक्षाला नीट सांभाळ.

तुझी आत्या
बायनाबाई