जादा तीनशे मिली

३ मार्च
नवी नोकरी, नवी खोली, खिडकीतून थेट ऊन. दादा सामान टाकून परतला. जाताना माझं चहाचं पातेलं चुकून स्वतःच्याच पिशवीत घेऊन गेला. वॉर्ड छोटा, चारच खाटा. न्यूमोनियाने फुप्फुसं पार भरलीत आणि व्हेंटिलेटरनेही भागत नाही, अशांवर इथे नवा प्रयोग चाललाय. फुप्फुसात हवेऐवजी प्राणवायू मुरवलेला स्वच्छ द्रव सोडायचा, रुग्णाने त्यातूनच श्वास घ्यायचा. पंप सांभाळणं माझ्याकडे. मुख्य डॉक्टरांना सगळे आकडेसाहेब म्हणतात. माणसाआधी पडद्यावरचा आकडा बघतात म्हणून.

६ मार्च
माझे पहिले रुग्ण पोस्टमनकाका. काल निळे पडले होते, आज ऑक्सिजन नव्व्याण्णव. काकूंनी माझे दोन्ही हात धरले, म्हणाल्या, पोरी, तुझ्या हाताला यश आहे. दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

९ मार्च
आज द्रव काढला. घातला होता एक लिटर, निघाला एक लिटर तीनशे. तीनदा मोजलं. आकडेसाहेब म्हणाले, आधी मोजायला शिका. फॉर्ममध्ये जादाचा रकानाच नाही. समासात लिहिलं, तर फॉर्म परत आला: समास कोरा हवा.

११ मार्च
काकांना हवा सोसत नाही. पाटीवर लिहून दाखवलं: हवा टोचते. पुन्हा द्रव घातला तेव्हा कुठे शांत झाले. परवा काढलेल्या द्रवातला थोडा अर्ध्या बरणीत ठेवला होता, ती बरणी आज काठोकाठ भरलीय. बरणी तपासायला पाठवू म्हटलं, तर साहेबांनी ती मोरीत ओतायला लावली. संध्याकाळी पंपाची नळी उसळली, द्रव तोंडावर उडाला, घशातही गेला. सिस्टर म्हणाल्या, निर्जंतुक असतं ते. डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

१३ मार्च
दुपारी काका खाटेवर नव्हते. नळी स्वतःच उपसलेली. न्हाणीघरात बादलीत तोंड बुडवून बसले होते. मी खांदे धरून ओढलं, हलेनात. बादलीत एकही बुडबुडा नाही. बोटाला यंत्र लावलं: नव्व्याण्णव. काकू म्हणाल्या, त्यांना बरं वाटतंय ना, मग राहू दे की. साहेब म्हणाले, आकडा उत्तम आहे.

कुणाच्या तरी कानात ओरडावं — पण कुणाच्या?

१४ मार्च
खोकला. रुमालात स्वच्छ पाणी, वाटीभर. एक्स-रे काढला. साहेब म्हणाले, न्यूमोनिया, दोन्हीकडे. म्हटलं, नाही, हा तोच द्रव आहे, वाढतोय — ते एक्स-रेकडेच बघत होते.

१५
आता खाट दोन माझी. हवा टोचते. काका खरंच सांगत होते. दादाला बोलावलंय.

१६
दादा आला. तोंड उघडलं की पाणीच येतं, शब्द नाही. ही वही पुढे केली. चष्मा घरी राहिलाय, म्हणतो, नंतर निवांत वाचतो. निवांत —

साहेब त्याला काकांचा आकडा दाखवतायत. दादा मान डोलावतोय. पुढ्यात संमतीपत्र.

दादा, सही करू न—

पंप आत आणला. द्रवाची पिशवी. किती स्वच्छ — घसा आपोआप उघडतोय — दादा, लवकर कर, सही