खिडकीखालची माती

प्रिय गेथिन,

फोनवर तू घराचं विचारलंस तेव्हा मी नुसतं 'चाललंय' म्हणालो. फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

गिऱ्हाईक मे महिन्यातच मिळालं होतं. हेलेद नावाची मुलगी, तिशीच्या आतली, बँगोरच्या बसवर ड्रायव्हर. आयुष्यातलं पहिलं घर घेते आहे. मायर आत्याच्या शेजारचा तळमजल्यावरचा फ्लॅट मी धरून ठेवलाय, हे तुला ठाऊक आहे. माझे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. आपलं घर विकलं तरच तो मिळणार, आणि त्याचा मालक फार थांबणारा नव्हता. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग हेलेदने घर तपासायला नेमलेल्या सर्व्हेअरचा अहवाल आला.

पानोपानी लाल खुणा. धुराडं कललेलं, छपराच्या दगडी पाट्या सरकलेल्या, माळ्याच्या लाकडाला कीड, विजेची जोडणी जुनी, आणि मागच्या खोलीच्या भिंतीत ओल. वाचून वाटलं, या घरात आपण इतकी वर्षं राहिलो तरी कसे. तुझी आई असती तर म्हणाली असती, त्या माणसाला चहा विचारला नव्हतास का?

इथली रीत तू जाणतोस. घेणारा आणि विकणारा एकमेकांचं तोंड बघत नाहीत, सगळं एजंटामार्फत. असा अहवाल आला की गिऱ्हाईक एकतर नाहीसं होतं, नाहीतर सह्यांच्या आदल्या दिवशी किंमत पाडून मागतं, आणि अडलेला माणूस देतो. एजंट प्रिचर्डने मला बजावलं की पोरगी बिथरली असणार, मी तिच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. मी तसाही कोणाशी फारसा बोलत नाही. पण दोन दिवसांनी दार वाजलं आणि बसच्या गणवेशात तीच समोर उभी. म्हणाली, प्रिचर्डना विचारलं असतं तर त्यांनी येऊ दिलं नसतं, म्हणून विचारलंच नाही.

तिने काय केलं होतं ऐक. घाबरून पळण्याआधी तिने सर्व्हेअरलाच फोन केला आणि विचारलं, यातलं तुमच्या स्वतःच्या घरात असतं तर कशाने तुमची झोप उडाली असती? तो म्हणे हसला आणि नीट बोलायला लागला. लाकडातली कीड केव्हाच मेलेली. धुराडं तुझ्या आजोबांच्या वेळेपासून कललेलं आणि अजून घट्ट. वीज तिला नवीन करायचीच होती, त्याचे पैसे ती माझ्याकडे मागणार नव्हती. छपराचा खर्च निम्मानिम्मा करायचा का, एवढंच तिने विचारलं. मी हो म्हणालो. राहिली ओल. एका कंपनीचा माणूस फुकट बघून गेला होता आणि भिंतीत औषध भरायला मोठी रक्कम सांगून गेला होता. हेलेद म्हणाली, जो औषध विकतो त्याला मी आजार विचारत नाही. मग आम्ही परसात गेलो.

तिथे शेजारच्या डिलिसने कुंपणावरून तोंड घातलंच.

"नवरा करताना एवढी चौकशी केली असती ना पोरी, तर मी आज सुखात असते."

"तेव्हा सर्व्हेअर मिळत नव्हते का, आजी?"

डिलिस कुंपणावरचं तोंड आत घेऊन चालती झाली. असं मी आजवर पाहिलं नव्हतं.

ओलीचं कारण खिडकीखालीच होतं. आपल्याकडच्या भिंतीत जमिनीपासून वीतभर उंचीवर दगडी पाटीचा एक थर असतो, खालची ओल वर चढू नये म्हणून. खिडकीखालचा फुलांचा वाफा त्या थराच्या बराच वर आला होता. माती थेट दगडाला टेकलेली. असा वाफा या गल्लीत अर्ध्या घरांना आहे. तो थर कुणाच्या ध्यानात राहत नाही. औषधबिषध काही नको, माती काढली की भिंत आपोआप वाळेल, असं सर्व्हेअरने तिला सांगितलं होतं. मात्र माती काढल्याशिवाय तिची बँक कर्जाचे पैसे देणार नव्हती.

वाफ्यात स्वीट पीचे वेल नुकते फुलायला लागले होते. तुझ्या आईने ठेवलेलं बी मी वसंतात पेरलं होतं. मी एक सुटलेला वेल काठीला गुंडाळला. तिने फुलांकडे पाहिलं, मग खिडकीतून आतल्या पलंगाकडे.

"तुमच्या मिसेसचे का?"

मी मान हलवली.

"मग फुलून होऊ देत. बी धरलं की काढू."

ती असं म्हणाली तेव्हा तिच्या कर्जाच्या मंजुरीची मुदत ऑगस्टअखेर संपत होती, हे मला प्रिचर्डकडून नंतर कळलं. मुदत वाढवून घ्यायला ती बँकेत तीनदा जाऊन आली. माझ्या फ्लॅटच्या मालकालाही तिनेच फोन करून थांबवलं. प्रिचर्ड मला म्हणाला, अशी खुळी पोर मी पाहिली नाही. मी त्याला म्हणालो, मीसुद्धा नाही. पण मला जे म्हणायचं होतं ते त्याला कळलं नसावं.

सप्टेंबरात आम्ही दोघांनी माती काढली. म्हणजे तिने काढली, मी बी गोळा केलं. वेलांसाठी तिने पलीकडच्या कुंपणाशी, भिंतीपासून लांब, जागा करून ठेवली आहे. काल वकिलांकडे सह्या झाल्या. घर तिचं झालं.

आता हे का लिहितो आहे ते सांगतो. मायर आत्याला सगळं माहीत आहे आणि ती कधीतरी तुला बोलून जाईल की भिंत तुझ्या वाफ्याने भिजली. तू माझ्यासारखा आहेस, ऐकून गप्प बसशील आणि मनात ठेवशील. म्हणून माझ्याकडूनच ऐक. भिंत त्या मातीनेच भिजली, हे खरं आहे. आई अंथरुणाला खिळली त्या सुट्टीत तू गल्लीच्या टोकापासून ढकलगाडीने माती आणलीस आणि खिडकीच्या चौकटीपर्यंत चढवलीस, कारण आईला पलंगावरून मान उचलता येत नव्हती. ती माती वीतभर जरी खाली असती, तरी तिला नुसतं आभाळ दिसलं असतं. तिने तो अख्खा उन्हाळा फुलं बघत काढला, गेथिन. आज सगळं ठाऊक असूनही मी तुला ती माती तिथेच, तेवढीच उंच टाकायला सांगेन.

तुझाच,
बाबा