हरलेले एक्केचाळीस डाव

दि. ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानातलं यंत्र फोन लावला की शिट्ट्या मारतं, म्हणून हे पत्र. फोनवर सांगायला गेले असते तर तू दर वाक्याला ‘काय?’ म्हणाली असतीस आणि खालच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना बातमी कळली असती.

बातमी अशी की मला शिकवायला एक खराखुरा प्रशिक्षक मिळाला आहे. मी संगणकावर जो खेळ खेळते, तोच ते बारा वर्षं खेळले, नऊ वर्षं शिकवतायत. सगळे त्यांना ‘आजोबा’ म्हणतात. वय वर्षं छत्तीस! आमच्या खेळात पंचविशीनंतर बोटं मंदावतात, तेव्हा छत्तीस म्हणजे केस पिकल्यासारखंच. ते त्यांच्या गावी, मी माझ्या खोलीत, आणि आठवड्यातून दोनदा दुपारी कानाला हेडफोन लावून तास.

तू विचारशील म्हणून आधीच सांगते. पाच जण एका बाजूला, पाच दुसऱ्या. मी वैद्य. मी मारामारी करत नाही, पडलेल्यांना उठवते. माझ्याकडे एक मोठा उपाय असतो, त्याला आम्ही संजीवनी म्हणतो. एकदा वापरली की पुन्हा तयार व्हायला पाच मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात अख्खा डाव हातचा जाऊ शकतो.

बाबांची अट तुला ठाऊक आहेच. मार्चअखेर निवड चाचणी आहे. संघात घेतलं तर खेळायचं, नाही घेतलं तर संगणक कपाटात आणि मी पूर्ण दिवस कवळ्यांच्या कारखान्यात. कामाचा मला कंटाळा नाही गं. सकाळी मेणात दात बसवताना मी मजेत असते. पण हा खेळ सुटला तर माझं काय उरेल, ते मला कळत नाही.

आजोबांनी पहिल्या तासाला गेल्या महिन्यातल्या सगळ्या डावांची चित्रणं मागितली. चांगली वीस निवडून पाठवलीत. आशीर्वाद पाठव, पाकीट जड झालं तरी चालेल.

लोभ आहेच, तो हरलेल्या दिवशीही असू दे.

तुझी,
भिंगरी


दि. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

छत्तीसचा आजोबा, तर मग बासष्टची मी कोण? पणजी? त्याला म्हणावं, इथे एक बाई अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. (खोटं आहे, पण तू सांग.)

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि वैद्याचं काम मला आवडलं. मारामारी करणारे बरेच असतात. पण एक विचारू का? तो गृहस्थ शिकवतो म्हणजे नेमकं करतो काय? माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी आधी महिनाभर उसवायला बसवते. कात्री हातात मागाहून. तो तुला काय करायला लावतो ते नीट लिही. नुसतं ‘छान चाललंय’ असं लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

बाबांवर रागावू नकोस. तुझी आई गेल्यापासून त्याला काळजी सरळ बोलून दाखवता येत नाही, मग तो अट घालतो. दिवसभर इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, वर न्यायच्या आधी दहा वेळा खाली तपासणारच. त्याचं मी बघते, तू तुझं बघ. आणि पाठ ताठ ठेवून बसत जा. दुकानात बसून बसून माझी जी कमान झाली आहे, ती घराण्यात एकच पुरे.

इथे तुझी आठवण रोज निघते, हे ध्यानात असू दे.

तुझी,
आत्या


दि. २४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काय करायला लावतात, ते ऐक. माझं चित्रण लावतात आणि दर दहा सेकंदांनी थांबवून विचारतात, इथे तू कुठे बघत होतीस? एक दिवस त्यांनी मला पडद्यावर कागद चिकटवायला लावला. कोपऱ्यातला छोटा नकाशा तेवढा उघडा. तेवढ्यावरून कोण कुठे अडकलंय ते तोंडी सांगायचं. पहिल्या दिवशी माझी अशी तारांबळ उडाली की मी आमच्याच माणसाला शत्रू म्हणाले. तिसऱ्या दिवशी जमलं. आवाज चढवत नाहीत, शाबासकीही देत नाहीत. फार तर ‘हं’ म्हणतात, आणि त्या ‘हं’साठी मी दोन दिवस जिवाचं रान करते.

पण काल एक विचित्र गोष्ट झाली. ते म्हणाले की वीसच्या वीस डाव बघून झाले, नवे पाठवलेलेही बघितले, आणि तुझ्या खेळात दुरुस्त करण्यासारखं मला काहीच सापडत नाही. पुढच्या आठवड्यापासून तुझी वेळ दुसऱ्या कुणाला तरी देतो, असंही म्हणाले. आधी मी हवेत तरंगले. त्यांच्यासारख्या माणसाला माझ्यात खोट सापडत नाही! मग हेडफोन काढला आणि रडूच फुटलं. चाचणीला महिना राहिलाय आणि गुरूच गेला. इतकी चांगली असेन, तर क्रमवारीत दोन महिने एकाच पायरीवर का अडकलेय?

हरलेले डाव मी पाठवले नव्हते, पण ते कशाला त्यांच्या माथी मारायचे? ते बहुतेक दुसऱ्यांच्याच चुकांनी हरलेत.

आत्या, काय करू ते सांग. इथे विचारावं असं कुणी नाही. बाबांना सांगितलं तर ते उद्याच कपाट रिकामं करतील.

मायेचा हात पाठीवर राहू दे.

तुझी,
भिंगरी


दि. १ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता शेवटून दुसऱ्या परिच्छेदाशी थांबले आणि कपाळाला हात लावला. अगं वेडे, हरलेले डाव पाठवले नाहीस? मग त्या बिचाऱ्यानं शिकवायचं काय?

माझ्याकडे मापं द्यायला बायका येतात. मी टेप लावला रे लावला की श्वास रोखून पोट आत ओढतात. मी म्हणते, बाई, सोडा. त्या म्हणतात, सोडलंय की! मग कोट शिवून झाला की बटण लागत नाही, आणि दोष माझ्या हाताला. तू त्या माणसापुढे तीन आठवडे पोट आत ओढून उभी आहेस.

आता तुला एक गोष्ट सांगते, जी तुझ्या बापालाही माहीत नाही. शिवणाच्या बाईंकडे शिकाऊ असताना मी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. भारीतलं कापड, आणि तेवढंच उरलेलं. घाबरून मी एक बाही चिंध्यांच्या पेटीत खाली दडपली आणि कापड कमी आलं होतं असं बाईंना ठोकून दिलं. बाईंनी कापडवाल्याशी भांडण केलं. तो म्हातारा बिचारा माफी मागून गेला. पुढच्याच महिन्यात मी पुन्हा दोन डाव्या बाह्या कापल्या, कारण कापड उलटं दुमडून ठेवायची माझी सवय मला कुणी दाखवलीच नव्हती. दाखवणार कशी? पुरावा पेटीत होता. दुसऱ्या खेपेला मी दोन्ही बाह्या बाईंच्या टेबलावर ठेवल्या आणि उभी राहिले. त्यांनी पाच मिनिटांत सवय मोडली. त्या म्हाताऱ्याकडे जायला मात्र मला वर्ष लागलं, आणि गेले तेव्हा त्याचं दुकान बंद झालं होतं. ते अजून सलतं.

तेव्हा सगळे हरलेले डाव पाठव. मोजून, एकही न गाळता. ‘दुसऱ्यांच्या चुका’ असलेले आधी पाठव.

रागावले आहे, पण माया तसूभर कमी झालेली नाही.

तुझी,
आत्या


दि. १४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी पाठवले. मोजले तर एक्केचाळीस निघाले. सोबत लिहिलं की हे मी लपवले होते, कारण तुम्ही मला सोडून द्याल अशी भीती वाटली. पाठवायचं बटण दाबण्याआधी तीनदा खुर्चीतून उठले.

दोन दिवस उत्तर नाही. माझी पाचावर धारण बसलेली. तिसऱ्या दिवशी एकच ओळ आली. आता कुठे तू मला भेटलीस, नेहमीच्या वेळी तासाला ये.

तासाला मी आधी बोलणी खाल्ली. आवाज न चढवता, म्हणून जास्त लागली. म्हणाले, तीन आठवडे मी एका न हरणाऱ्या मुलीला शिकवत होतो, तशी मुलगी जगात नसते. मग त्यांनी एक कागद दाखवला. एक्केचाळीसपैकी एकोणतीस डावांत, डाव संपला तेव्हा माझी संजीवनी माझ्याकडे तशीच शिल्लक होती. न वापरलेली! जिंकलेल्या डावांत तिची गरजच पडली नव्हती, म्हणून ते कुठे दिसलंच नाही. पहिला गडी पडतो, मी म्हणते थांबू, पुढे मोठं संकट येईल. दुसरा पडतो, अजून थांबू. मग उठवायला कुणी उरतच नाही, आणि मी भरल्या हातानं मरते. वर इतरांना नावं ठेवते.

ते चित्रण मी डोळ्यांनी बघितलं. एका डावात आमचा एक गडी माझ्यापासून दहा पावलांवर पडलेला, तीनदा हाक मारतोय, आणि मी नुसती उभी. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू.

आता नियम असा की दोन आठवडे, जो पहिला पडेल त्याच्यावर संजीवनी वापरायची. तो कितीही मूर्खपणानं पडला असला तरी. आणि तोंडानं सांगायचं की मी येतेय. सलग नऊ डाव हरले. क्रमवारीत दोन पायऱ्या घसरले. मी म्हटलं, चाचणी तोंडावर आली आणि मी खाली चाललेय. ते म्हणाले, हं.

पण काल एक नवल घडलं. मी येणार हे कळल्यावर बाकीचे चौघे धीटपणे पुढे घुसायला लागले. मागे वळून बघायचंच बंद केलं त्यांनी. तीन डाव जिंकलो. चाचणी २९ तारखेला. निवड होईल की नाही, देव जाणे. मला मात्र फार भीती वाटतेय, आणि ते तुला सांगायला आता लाज वाटत नाही.

तुझ्या रागावरही माझा जीव आहे.

तुझी,
भिंगरी


दि. १८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एवढंच लिहिते, गिऱ्हाईक खोळंबलंय. भीती वाटते ते ठीकच आहे. त्या दिवशी पोटभर जेवून बस. निकाल काहीही लागो, तो आधी बापाला स्वतःच्या तोंडानं सांग, आणि जसाच्या तसा सांग. एक टाका जास्त नको, एक कमी नको.

सदैव तुझ्या बाजूची,
आत्या


दि. ३१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोरीनं सांगितलं की या वेळी पत्र मी लिहावं. मला लिहायची सवय नाही, चुकलं माकलं सांभाळून घे.

रविवारी तिची चाचणी झाली. तिनं दार लावून घेतलं होतं. मी बाहेरच्या खोलीत लिफ्टची एक जुनी मोटार उघडून बसलो होतो, पण खरं तर काही करत नव्हतो. कान तिकडेच. ताई, इतकी वर्षं मला वाटायचं की ती त्या खोलीत एकटी असते. चार वर्षांपूर्वी आई गेल्यावर पोर एकलकोंडी झाली, पडद्याला चिकटली, आणि मी काही करू शकलो नाही, हे मला खात होतं. रविवारी मी पहिल्यांदा नीट ऐकलं. ती कुणाला तरी सांगत होती की मी येतेय, घाबरू नकोस. कुणाला म्हणत होती, तुझी चूक नाही, ऊठ, पुढे जा. दोन तास हेच. ती जिंकतेय की हरतेय ते तिच्या आवाजावरून मला शेवटपर्यंत कळलं नाही. हुबेहूब तिच्या आईसारखं बोलत होती. मोटारीचे स्क्रू माझ्या हातून सांडले.

बाहेर आली तेव्हा घामाघूम. अनोळखी चौघांबरोबर तीन डाव झाले म्हणाली, एक जिंकला, दोन हरले. एका डावात तिनं संजीवनी घाईनं वापरली आणि ती तिची चूक होती, हेही तिनंच सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं.

काल निकालाचं पत्र आलं. पहिल्या पाचांत ती नाही. तिला सहावी घेतलंय, राखीव. सराव संघाबरोबर करायचा, कुणी अडलं तर खेळायचं. तिनं ते पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि सरळ विचारलं की बाबा, तुमच्या अटीत हे बसतं का? नसेल बसत तर तसं सांगा, मी संगणक बांधून ठेवते. डोळ्यांत पाणी होतं, पण विनवणी नव्हती.

ताई, तुझ्यापाशी खोटं बोलत नाही. अट घातली तेव्हा ती पूर्ण होऊ नये, असंच माझ्या मनात होतं. पोरगी दाराबाहेर यावी एवढंच मला हवं होतं. मी तिला हेच सांगितलं. तिच्यापुढे असं काही बोलायची माझी पहिलीच वेळ. मग म्हटलं, राखीव म्हणजे संघातलीच. आणि अट वगैरे आता विसर, मला त्या अटीची गरज नाही.

ती आत गेली, स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून आपल्या खुर्चीशेजारी ठेवली आणि मला बसवलं. चाचणीतला एक डाव लावला, हरलेल्यांपैकी. पडद्यावर दहा माणसं धावत होती, नुसता धुरळा आणि उजेड. मला काही उमगेना. मी विचारलं, यातली तू कुठली?

हे विचारायला मला चार वर्षं लागली.

तिनं बोट ठेवून दाखवलं. पुढची वीस मिनिटं मी तेवढीच एक बघत होतो. ती कुणाला उठवायला धावली की मी खुर्चीत पुढे सरकायचो. शेवटी हरलोच, तरी मी म्हटलं, अजून एक लाव.

तुझ्या मायेवर आम्ही दोघंही उभे आहोत.

तुझा,
धाकटा