आईचं ‘अहो’

रविवार, ११ ऑगस्ट

प्रिय ताई,

वाकून नमस्कार केला असता, पण हल्ली खांदे इतके भरलेत की वाकलं की कुडता उसवतो. तेव्हा उभ्यानेच घे. भावजींना नमस्कार, पिल्लूला पापा.

इकडे सगळं ठीक. चष्म्याच्या दुकानात गर्दी आहे. शाळा सुरू झाल्यापासून आया पोरांना ओढत डोळे तपासायला आणतात. स्वयंपाकघरातला गळका नळ बदलून घेतला. आईचं गुडघ्याचं तेल आणलं. फोन का उचलत नाहीस, नुसते मेसेज काय करतेस, म्हणून तू चिडली आहेस. चिडणारच. घसा बसलाय असं मी कळवलं होतं, पण एवढे महिने कुणाचा घसा बसत नाही हे तुलाही कळतं.

तुझ्या तिकडे भावजींच्या जिममधली पोरं डबेच्या डबे पावडर रिचवतात, असं तू हसत लिहिलं होतंस. आमच्याकडेही सुरुवात डब्यापासूनच होते. मग शरीरसौष्ठवाची स्पर्धा जवळ आली आणि आमच्या कोचने, त्यांना सगळे वस्ताद म्हणतात, एक बाटली दिली. कुठल्यातरी तिसऱ्याच देशातली, लेबलावर मुंग्या चालल्यासारखी अक्षरं. “सगळीकडच्या बायका घेतात,” ते म्हणाले. “कुठे सुई, कुठे गोळी, एवढाच फरक.” मी सुई घेतली. अंग असं भरत गेलं की आरशासमोरून हलवेना. खोटं कशाला बोलू, मला आवडलं ते.

मग आवाज उतरला. दुकानात एका आजोबांच्या डोळ्यांत थेंब घातले होते. मी म्हटलं, “आता डोळे मिटून बसा.” तर म्हणाले, “बरं, साहेब.” मी हसून सोडून दिलं.

त्या दुपारी घरी आले आणि चपला काढता काढता दारातूनच विचारलं, “जेवण झालं का?” आत भांडं पडलं. आई ओरडली, “आले हो!”

ताई, बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. आई ओले हात पुसत, त्या गुडघ्यांनी, धावत बाहेर आली. मला बघून थबकली. बघत होती ती माझ्या मागे, बंद दाराकडे.

वाटलं, रडेल. रडली नाही. दोन दिवसांनी म्हणाली, “ए, तू जरा आतल्या खोलीत जा. दार लोटून घे आणि काहीतरी बोल.”

“काय बोलू?”

“काहीही. पेपर वाच.”

मी पेपर वाचला. ती बाहेर मटार सोलत बसली. मग हे रोजचंच झालं. हळूहळू ती मधेच बोलायला लागली. “अहो, पंखा कमी करा.” मी करायचे. ती पोटभर जेवायला लागली होती, गुणगुणायला लागली होती, म्हणून चालू दिलं. एके दिवशी दाराआडून विचारलंन, “डॉक्टरांना मी उशिरा बोलावलं, म्हणून रागावलात का हो?”

मी गप्प बसायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं, “नाही गं, ठमे.”

ताई, हे ठमे कुठून आलं? बाबा तिला असं म्हणायचे का? मी तरी कधी ऐकलं नव्हतं. बाहेर मटार सोलणं थांबलं. मग आई हळूच म्हणाली, “किती वर्षांनी म्हणालात.”

उरलेली बाटली मी त्याच दिवशी मोरीत ओतली आणि स्पर्धेतून नाव काढून घेतलं. डॉक्टरांकडे गेले. यकृताला सूज आहे, औषधं घेतलीस तर उतरेल, म्हणाल्या. आवाजाचं विचारलं तर मान हलवली. “तो आता बहुधा असाच राहील.” आईला मी एवढंच सांगितलं, की सुई सोडली.

काल दुपारी घरी आले तर ती जेवणाच्या टेबलाशी बसलेली. समोर नवी बाटली. तीच मुंग्यांची अक्षरं. जिमचा जिना चढून वस्तादांकडून घेऊन आली होती.

“सोडू नकोस,” म्हणाली. “आवाज जाईल.”

माझा तोल सुटला. “आई, मरेन मी याने! आणि आवाज कुठे जात नाही. डॉक्टर म्हणाल्या, हा आता कायमचा!”

ती माझ्याकडे बघत राहिली. मधे लोटलेलं दार नव्हतं. खिडकीतलं ऊन थेट माझ्या तोंडावर होतं. तिने बाटली बाजूला सारली, उठली, बाबांची खुर्ची ओढली. चेहरा असा उजळला होता, की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

“मग उभे का?” ती म्हणाली. “बसा ना.”

मी बसले. तिने वाढलं. “तुम्ही जेवून घ्या,” म्हणाली, “धाकटी अजून आली नाही जिममधून.”

ताई, मी जेवले. एक शब्द बोलले नाही. आणि आत्ता मी हे लिहितेय, तर ती खिडकीत उभी राहून रस्त्याकडे बघतेय. माझी वाट बघतेय.

मिळेल त्या विमानाने ये. आईला काय सांगायचं ते नंतर ठरवू. आधी माझ्यासमोर उभी राहा, नीट बघ माझ्याकडे, आणि मला ‘अगं’ म्हणून हाक मार.

घरातच असलेली,
तुझी धाकटी