तात्यांची येझदी, दसऱ्यापर्यंत

३१ ऑगस्ट, रविवार. सकाळी ९.
संकल्प: तात्यांची येझदी मोटरसायकल दसऱ्यापर्यंत चालू करणे. घरच्या घरी, स्वतःच्या हातांनी.

तात्या म्हणजे माझे वडील. जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून गाडी ओसरीत चादरीखाली उभी आहे. ते गेले हे आईच्या लक्षात राहत नाही. रोज संध्याकाळी सहाला पदर सारखा करून ओट्यावर येते आणि म्हणते, आले बरं का, किला गेटच्या वळणावर गाडी वाजली. मग बसून राहते. ते आल्याशिवाय जेवत नाही. सहा किलो वजन उतरलं. असंच चाललं तर अवघड आहे, असं डॉक्टर स्वच्छ म्हणाले.

माझी थिअरी: खरी गाडी एकदा दारात आली की कानातली गाडी बंद होईल. सायकॉलॉजी आहे ही. बायकोला, शामलाला, समजावून सांगितलं. ती म्हणाली, आधी मिक्सर नीट करा.

७ सप्टेंबर.
इंजिन खोललं! सगळे पार्ट पुरणाच्या परातीत, रॉकेलमध्ये. शामला बोलत नाहीये. जोडताना चुकू नये म्हणून प्रत्येक पार्टचा फोटो काढला. मग मोबाईल परातीत पडला. हरकत नाही. स्मरणशक्ती आमच्या घराण्यात पहिल्यापासून चांगली आहे. आई सोडून.

१० सप्टेंबर.
पितृपक्षात नवीन काम काढू नये, असं शामलाचं म्हणणं. मी म्हणालो, नवीन कुठंय? एकोणीसशे चौऱ्याहत्तरचं मॉडेल आहे.

दुपारी चौदाचा पाना उचलला तर मागे कोणीतरी खाकरलं. वळून पाहिलं, कोणी नाही. बाराचा उचलला. शांतता. बाराचाच बसला.
घसा कोणाचाही खवखवू शकतो. हवा बदलतेय.

१४ सप्टेंबर, अष्टमी. तात्यांचं श्राद्ध.
आईला सांगितलं, आजोबांचं आहे. सासऱ्यांच्या नावाने तिने दोन वाट्या खीर खाल्ली. बरं वाटलं.

गच्चीवर पान ठेवलं. कावळा कठड्यावर बसून नुसता बघतोय. मी हात जोडून मोठ्याने म्हणालो, तात्या, दसऱ्याला गाडी चालू करून दाखवतो. कावळ्याने तोंड फिरवलं. आईच्या औषधपाण्याचं, शामलाच्या गुडघ्याचं, सगळं कबूल करून झालं. पाऊण तास. मला ऊन लागायला लागलं. शेवटी शामला वैतागून म्हणाली, तात्या, हे तुमच्या गाडीला पुन्हा हात लावणार नाहीत, या आता. आला. पानावर घास ठेवला नाही मेल्याने.

योगायोग. कावळा भुकेला होता. शिवाय वचन शामलाने दिलंय, मी नाही.

१७ सप्टेंबर. संध्याकाळी ६.
आज मलाही ऐकू आली. फट् फट् फट्, वळणावर, मग बंद. आई म्हणाली, बघ. मी परातीकडे बघितलं. पिस्टन तिथेच होता, सिलिंडर तिथेच. अंगावर काटा आला, कबूल करतो, इथे कोण वाचणार आहे. वळणापर्यंत जाऊन आलो. रस्ता रिकामा.
दूधवाला असणार.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री.
इंजिन जोडलं! उरले फक्त तीन नट, एक स्प्रिंग आणि एक वाकडी पट्टी. एक्स्ट्रा असतील. पण किक सापडत नाही. गिअरचा दांडा आहे, किकच नाही. परात चाळली, ओसरी झाडली. शामलाने भंगारात दिली असणार. तिने शपथ घेतली. मी विश्वास ठेवल्यासारखं केलं.

हल्ली पाना उचलण्याआधी थांबून कानोसा घेतो. सवय म्हणून. भीती वगैरे काही नाही.

२७ सप्टेंबर.
पडाव भागातल्या गॅरेजमधून दौलतसिंह मेकॅनिकला बोलावलं. तीस वर्षं तात्यांची गाडी त्यानेच सांभाळली. हार मानली असं नाही, सेकंड ओपिनियन.

आल्याबरोबर त्याने गाडीला नमस्कार केला. किक हरवलीय म्हणून सांगितलं, तर त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग गिअरचा दांडा आत दाबला, वर फिरवला, आणि तीच किक. म्हणाला, भैयाजी, आपको इतना भी नहीं मालूम? कसं मालूम असणार? गाडी सुरू करताना तात्यांची पाठ आमच्याकडे असायची. मला फक्त स्पोक पुसायची परवानगी होती, तीही मागच्या चाकाच्या. पन्नाशी उलटली तरी.
दौलतसिंहला मात्र म्हणालो, माहीत होतं, तुझी परीक्षा घेत होतो.

त्याने सगळं पुन्हा खोललं आणि चार तासांत जोडलं. एक्स्ट्रा पार्टही कुठेकुठे बसवले. मी टॉर्च धरला होता. म्हणजे आम्ही दोघांनी मिळून केलं. खाकरणं दिवसभरात एकदाही नाही.

२ ऑक्टोबर, दसरा. रात्री जेवणानंतर.
गाडीला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. आईला काही सांगितलं नाही. पावणेसहाला गाडी ढकलत वळणापलीकडे नेली. पहिल्या किकला सुरू! बरोबर सहाला आलो.

आई ओट्यावर उभी होती. इतकी खूश मी तिला तीन वर्षांत पाहिलेली नाही. मी उतरलो. तिने माझ्या मागे पाहिलं, मग गाडीकडे, मग माझ्याकडे. विचारलं, किल्ली त्यांनी दिली तुला?
म्हणालो, नाही, मीच घेतली.
म्हणाली, ते असते तर तुला हात लावू दिला असता होय रे?

मग खाली बसली. विचारलं, कधी गेले? मी सांगितलं. सगळं, तारखेसकट. ती म्हणाली, मी रडले होते का तेव्हा?
रडली नव्हती. एक थेंब नाही. मी म्हणालो, हो आई, खूप.
मग झालं तर, म्हणाली, आणि भिंत धरून आत गेली. सोनं द्यायचं राहूनच गेलं.

३ ऑक्टोबर. संध्याकाळी ७.
आईने साडेसहालाच ताट मागितलं. दीड पोळी, वरणभात. माझी थिअरी शंभर टक्के बरोबर निघाली, याची इथे नोंद करून ठेवतो.

ती ओट्यावर आली नाही. मीच सहाला जाऊन बसलो. सहा दहा. सव्वासहा. वळणावरून एक टेम्पो गेला, दोन स्कूटी गेल्या. शामला बाहेर येऊन म्हणाली, कोणाची वाट बघताय? म्हणालो, कोणाची नाही, हवा खातोय. ती शेजारी बसून राहिली.

गाडी व्यवस्थित आहे. तरी उद्या इंजिन परत खोलावं म्हणतो, चौदाच्या पान्यानेच. कारण फक्त टेक्निकल आहे.