पॅनेलांवरची सावली

१० एप्रिल १९८६

रामदासपेठेतल्या ऑफिसातून सकाळी जीपनं निघालो आणि भिवापूर मागे टाकून या वस्तीवर पोचलो. मला सोडून जीप परत गेली. वीज नाही, पक्का रस्ता नाही, वाळत घातलेल्या मिरचीचा ठसका मात्र भरपूर. तरी मन खूश आहे. विहिरीजवळ आमची सौर पॅनेलं झकास चकाकत आहेत. ऊन पडलं की त्यांवर मोटार चालते, ढग आले की डिझेलचा जनरेटर लावायचा. एवढी साधी गोष्ट सरपंच मारोतरावांना परोपरीनं समजावली. शेवटी त्यांनी पॅनेलांना हळदकुंकू वाहिलं. अशा लोकांसाठी विज्ञान राबवायचं म्हणजे नशीबच फुटकं. एक मे रोजी उद्घाटन आहे. त्या दिवशी नळाला पाणी आलं तर माझी नोकरी कायम, नाही तर घरी बसायचं.

१२ एप्रिल

मोटार चालू केली. पाणी असं उसळलं की गाव तोंडात बोट घालून पाहत राहिलं. जनरेटरवर नेमलेला कवडू मात्र पुढे येऊन म्हणाला, "साहेब, पयला लोटा मायले द्या."

चौकशी केली तेव्हा कळलं. दुष्काळाच्या साली त्याची आई गोपिका इथे भर उन्हात उभी होती. दोराला हात लावायची तिला मुभा नव्हती. सावलीसुद्धा विहिरीवर पडू नये म्हणून दूर एका दगडावर ओंजळ धरून थांबली होती. कोणी पाणी वाढलं नाही. ती तिथेच कोसळून मेली. तेव्हापासून उपसा करण्याआधी पहिला लोटा त्या दगडावर ओततात. जिवंतपणी थेंब दिला नाही आणि आता दगड भिजवतात. शहाणपणाची कमालच म्हणायची. पाणी दगडांना पाजायला आणलेलं नाही, असं मी सुनावलं.

दुपारी कवडूनं प्यायला मागितलं. माझ्या थर्मासमधलं वरून ओतलं, चांगलं उंचावरून. थर्मास माझा आहे, त्याला कशाला लागू द्यायचा? निम्मं पाणी त्याच्या कोपरांवरून मातीत गेलं.

१५ एप्रिल

भर दुपारी मोटार बंद पडली. आभाळ स्वच्छ, जवळपास झाड नाही, आणि पॅनेलांवर सावली. बाईची. दोन्ही हात पुढे, ओंजळ धरलेली. उभं मात्र कोणीच नव्हतं. फडक्यानं पुसायला गेलो तर सावली माझ्या हातावर आली आणि हात बधिर झाला. ऊन लागलं असणार. कवडूला जनरेटर लावायला सांगितलं. टाकी भरली, सगळं गाव पाणी प्यालं.

संध्याकाळी मी पेला तोंडाला लावला तर कोरडा. भरून घेतला होता, नक्की.

१६ एप्रिल

पेल्याच्या तळाशी तीच सावली. ओठ लागायच्या आत पाणी नाहीसं होतं. माठ, थर्मास, नळाची धार, सगळीकडे तेच. मी घाबरलो आहे. कवडू म्हणाला, "ओंजळ धरा साहेब, मी वाढून देतो." मी? या माणसापुढे हात पसरू? हाकलून दिलं त्याला. डिझेल संपलं म्हणून तो भिवापूरला गेला.

१७ एप्रिल

जीभ टाळूला चिकटते. मारोतरावांच्या दारी पाणी मागायला गेलो. त्यांनी अंगणाबाहेरच थांबवलं — "तिथंच थांबा साहेब. तुमची सावली आमच्या दारात पडू देऊ नका." मला! हे अडाणी, मला. साऱ्या वस्तीनं दारं लावून घेतली. दगडापाशी बसलो आहे. कवडू अजून आलेला —

१८ एप्रिल

ऊन. कवडू नाही. तो असता तर हात पसरले असते. आत्ता, याच घटकेला —

पॅनेलांवर पाहतो आहे. तिची ओंजळ नाही आता. हातात लोटा आहे. उंच धरलेला. आणि तिच्या पायाशी आणखी एक सावली, गुडघ्यांवर — चष्मा माझाच —

लोटा कलतो आहे. एका हातानं जमणार नाही, ओंजळीला दोन्ही हात लागतील. पेन खाली ठेव