डोंगराची ओटी

शेळगाव, ता. इंदापूर
२४ मे २०२५

चि. अविराजास,
अनेक आशीर्वाद. आई सांगते तसंच सृष्टी लिहिते.

हितं समदी बरी हायत. तू पाठवलेल्या फोटूत लांब मागं धूर दिसतुया. तू म्हणलास तुझ्या साखर कारखान्याची चिमणी. तुझ्यासंगं कामाला आसल्येल्या दीपकच्या आईनं सांगितलं, जाळाचा डोंगर हाय. तवापासनं मला घास ग्वाड लागंना. डोंगरानं तुला सांभाळावं म्हणून मी नवस बोललीय. तुझ्या हातनं त्येची ओटी भरंस्तवर पायात चप्पल घालायची न्हाय. तुझ्या बॅगंत तळाला मी ठिवलेला हिरवा खण हाय. आबा म्हणत्यात, डोंगर बाप्या आसला तर? मी म्हणलं, पोटात आग घिऊन गप बसतीया, बाईच आसंल.

तुझी आई,
सारजा

ता. क. दादा, हे माझं. उसाच्या बुडख्यानं आईच्या उजव्या अंगठ्याला जखम झाली आहे. शुगर वाढलेली. डॉक्टर म्हणाले, अनवाणी फिरल्या तर अंगठा काढावा लागेल. ती ऐकत नाही. — सृष्टी


पूर्व जावा, इंडोनेशिया
२९ मे २०२५

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू रडतेस आणि तपशील राहतो, म्हणून लिहून कागदाचा फोटो पाठवतो.

डोंगर माझ्या खोलीपासून सदतीस किलोमीटर आहे. इतक्या लांबून तो मला काही करत नाही. नवस फेडायला मात्र मला त्याच्या तोंडाशी जावं लागेल, हे तुझ्या ध्यानात आलेलं दिसत नाही. मला पाण्याच्या टाकीवरही चक्कर येते. ओटी पोस्टाने जाईल का, ते विचारलं. जात नाही.

अकरा जूनला सुट्टी आहे. जातो. तोवर चप्पल घाल, ही विनंती.

लोभ असू द्यावा आणि अंगठा कोरडा ठेवावा.
तुझा अविराज


पूर्व जावा
१२ जून २०२५

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

काल ओटी भरली. जे झालं ते सगळं लिहितो.

सोबत दीपक होता. गाडी सोडल्यावर दीड तास राखेचा माळ तुडवला. पाय घोट्यापर्यंत रुततो. वास ओळखीचा निघाला; कारखान्यात रसाला गंधकाची धुरी देतात, तसाच. त्यामुळे थोडा धीर आला. पुढे पायऱ्या आहेत. दीपक म्हणाला, मोजू नको, चढ. मी मोजल्या. दोनशे सेहेचाळीस.

वर तोंडाचा काठ जेमतेम बैलगाडीएवढा रुंद. मी बसून सरकत गेलो. दीपकने फोटो काढले. ते तो गावी, लोणी भापकरला, घरी पाठवणार आहे. आतून इंजिन तापल्यासारखा आवाज येत होता.

इथले डोंगरातले लोकही हिंदूच. काल त्यांचा सण होता. तेही भाज्या, फुलं, कोंबड्या आत टाकत होते. मी खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू असं क्रमाने टाकलं. तांदूळ आणि हळदकुंकू आत गेलं. खण आणि नारळ गेले नाहीत. आतल्या उतारावर काही माणसं बांबूला जाळी बांधून उभी असतात. टाकलेलं झेलतात आणि घरी नेतात. आपला खण एकाने झेलला. मी त्याला खुणेने सांगितलं, आत टाक. तो हसला आणि खण डोक्याला लावून पिशवीत ठेवला.

हे लिहू नको, असं दीपक म्हणाला. पण खोट्यावर तू चप्पल घालायचीस आणि तुझ्या मनाला ते कळायचं, याची मला भीती वाटते. ही ओटी धरायची नसेल तर रविवारी पुन्हा जातो. खणाला दगड बांधतो.

माया आहे तशीच ठेवावी.
तुझा अविराज


शेळगाव
१३ जून २०२५

चि. अविराजास,
अनेक आशीर्वाद.

दगड बांधून कुणी ओटी भरतं व्हय? आपल्या देवळातला नारळ तरी देव खातोय का? गुरवच नेतोय. त्यो जाळीवाला तितला गुरव. त्याच्या बायकूला चोळी झाली. ओटी बाईला पोचली, नवस फिटला. उजव्या पायात चप्पल घातलीय.

पर दोनशे सेहेचाळीस पायऱ्या चढल्याचं लिवलंस. उतरल्याचं पत्रात कुठंच न्हाय. सृष्टीकडनं तीनदा वाचून घेतलं. त्ये कळव, मग डावी घालती.

तुझी आई,
सारजा


पूर्व जावा
१३ जून २०२५

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी परवा, अकरा तारखेला, दुपारी दीड वाजता खाली उतरलो. उतरतानाही दोनशे सेहेचाळीसच भरल्या. डावी घाल.

तुझा अविराज